ख्वाजा युनूस: हिशेब न लागलेली रात्र

कोठडीतल्या माणसाचा प्रत्येक तास सरकारच्या दप्तरात असतो. कधी आणले, कोणी आणले, कोणत्या गुन्ह्यात, लॉकअपमधून केव्हा बाहेर काढले, कोणाच्या ताब्यात दिले, गाडी कोणती, गाडीत कोण कोण होते. स्टेशन डायरी, अटक पंचनामा, लॉकअप रजिस्टर, गाडीचे लॉगबुक असे कागदामागे कागद असतात. तुम्ही-आम्ही गेल्या महिन्यात अमुक दिवशी दुपारी चारला कुठे होतो हे सिद्ध करायला बसलो तर कदाचित जमणार नाही. कोठडीतल्या माणसाबद्दल मात्र ते सांगता यायलाच हवे. तो एकटा नसतो, मोकळा नसतो आणि त्याच्यावर पहारा असतो.

म्हणून परभणीचा ख्वाजा युनूस 6 जानेवारी 2003 च्या रात्री कुठे होता, हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहावा हे मला भयंकर वाटते. वय 27, शिक्षणाने इंजिनिअर, दुबईत नोकरी. मुंबई पोलीस म्हणाले, आम्ही त्याला औरंगाबादला नेत होतो, पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. राज्याच्याच सीआयडीने तपास करून सांगितले की तो पळाला नाही, तो कोठडीत मेला आणि अपघात बनाव होता. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही.

हा घटनाक्रम वाचताना दोन घड्याळे समोर ठेवावी लागतात. एक कायद्याचे, दुसरे प्रत्यक्षातले.

सोमवार, 2 डिसेंबर 2002

घाटकोपर रेल्वे स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये आसनाखाली ठेवलेला बॉम्ब फुटला. दोघे ठार झाले, पन्नासच्या आसपास जखमी. बाबरी मशीद पाडल्याला चार दिवसांनी दहा वर्षे पूर्ण होणार होती आणि गुजरातच्या दंगलींना वर्षही झाले नव्हते. 6 डिसेंबरला मुंबई सेंट्रल स्थानकातल्या मॅकडोनल्ड्समध्ये आणखी एक स्फोट झाला. शहर धास्तावले होते. लोकलमध्ये कोणाची पिशवी आसनाखाली राहिली तरी डबा रिकामा होण्याचे ते दिवस. अशा वेळी पोलिसांवर 'लवकर पकडा' असा दबाव येतो. दोन माणसे मेली होती, त्यांची घरे होती. त्यांना न्याय हवा होता आणि तो मागणे रास्तच होते.

हाताशी नवा कायदा होता. दहशतवाद प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोटा, 26 मार्च 2002 ला संसदेच्या संयुक्त बैठकीत मंजूर झाला होता. सर्वसाधारण गुन्ह्यांत पोलीस कोठडी जास्तीत जास्त 15 दिवस मिळे, पोटाने ती 30 दिवसांवर नेली. आरोपपत्रासाठीची मुदत न्यायालयाच्या परवानगीने 180 दिवसांपर्यंत वाढवता येई. सगळ्यात मोठा बदल कबुलीजबाबाचा. एरवी पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. पोटाखाली पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा ठरू लागली. ज्या खोलीत कबुलीला किंमत येते त्या खोलीत काय होऊ शकते, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुबई आणि परभणी

मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लीम घरांत आखातातला एक मुलगा किंवा एक जावई असतोच. परभणीत पोटापुरती शेती, थोडा व्यापार, सरकारी नोकऱ्या मोजक्या. दुबईचे मात्र ते भरतीचे दिवस होते. ऑक्टोबर 2000 मध्ये दुबई इंटरनेट सिटी उघडली आणि संगणक शिकलेल्या भारतीय पोरांना तिथे कामे मिळू लागली. दुबईत नोकरीला लागलेला इंजिनिअर मुलगा म्हणजे अख्ख्या घराचे उभे राहणे. धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, घरावर स्लॅब, सगळे त्याच्या पगारावर. युनूस त्या पिढीतला.

मुंबईच्या गुन्हे शाखेत त्याच काळात दुबई म्हटले की वेगळेच चेहरे समोर येत. 1993 च्या स्फोटांतले फरार आरोपी तिथे राहिलेले. कोलकात्याच्या अमेरिकन सेंटरवरच्या हल्ल्यातला आफताब अन्सारी फेब्रुवारी 2002 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने भारताच्या हवाली केलेला. 2003 च्या सुरुवातीला दाऊदचा भाऊ इक्बाल कासकर तिथूनच परत पाठवला गेला. एकच शहर, पण परभणीच्या घरात त्याचा अर्थ बरकत आणि तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर संशय. आखातात कष्ट करणाऱ्या लाखो माणसांना ही दुसरी ओळख न मागता चिकटली.

अमिरातीच्या रहिवासी व्हिसाचा एक साधा नियम इथे लक्षात ठेवायला हवा. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलात की व्हिसा रद्द होतो. सुटीवर आलेला माणूस परतीची तारीख मनात धरूनच घरी येतो.

बुधवार, 25 डिसेंबर 2002: पहिला तास

युनूसला घाटकोपर स्फोटाच्या संदर्भात अटक झाली. गुन्हा पोटाखालचा.

अटकेच्या पहिल्या तासासाठीचे नियम तेव्हाच जुने झाले होते. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि 18 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने 11 सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा दिसेल अशी पट्टी हवी. अटकेचे टिपण जागेवर करायचे, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, वेळ आणि तारीख लिहायची, आरोपीची सही घ्यायची. अंगावर लहानमोठी जखम असेल तर तीही तेव्हाच नोंदवायची, म्हणजे नंतर दिसणारी जखम कधीची ते कळते.

बारावा तास

आरोपीचे नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असतील तर अटकेची वेळ, जागा आणि त्याला कुठे ठेवले आहे याची माहिती 8 ते 12 तासांत त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 12 तासांत कळवून तिथल्या फलकावर ते लावायचे. परभणी ते मुंबई म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसची एक रात्र. मुलगा नेमका कुठे आहे हे कळले तर आई सकाळी दारात उभी राहू शकते आणि वकील उभा करू शकते. हा नियम त्या आईसाठीच आहे.

चोविसावा आणि अठ्ठेचाळिसावा तास

राज्यघटनेचा अनुच्छेद 22 सांगतो की अटक केलेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. पोटाखाली कबुली घेतली असेल तर कबुलीसकट आरोपीला 48 तासांत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यासमोर न्यावे लागे. मारहाणीची तक्रार त्याने केली तर वैद्यकीय तपासणी करावी लागे आणि त्यानंतर त्याला न्यायालयीन कोठडीत पाठवावे लागे, पोलिसांकडे परत देता येत नसे. बसू निकालानुसार कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरने तपासायचे.

ज्या देशात युनूस कमावत होता तिथेही 48 तासांचाच दंडक होता. अमिरातीच्या तेव्हाच्या, 1992 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पोलिसांनी अटक केलेल्याला 48 तासांत सरकारी अभियोक्त्यापुढे पाठवायचे असे. कायदे लिहिणाऱ्यांना सगळीकडे हे ठाऊक असते की पोलीस आणि आरोपी या दोघांनाच बंद दाराआड फार काळ ठेवू नये.

अटकेपासून 6 जानेवारीपर्यंत 12 दिवस होतात. दर 48 तासांनी एक म्हटली तरी एवढ्या अवधीत सहा वैद्यकीय तपासण्या बसतात.

सोमवार, 6 जानेवारी 2003

युनूसला जिवंत पाहिल्याचे सांगणारी शेवटची माणसे म्हणजे त्याचे सहआरोपी. त्यांच्यातले डॉ. अब्दुल मतीन यांचे कथन सर्वांत महत्त्वाचे. त्यांच्या सांगण्यानुसार त्या दिवशी पोलिसांच्या खोलीत युनूसच्या अंगावर फक्त अंतर्वस्त्र होते, छातीवर आणि पोटावर पट्ट्याने मारले जात होते आणि तो रक्त ओकत होता. त्यानंतर त्यांनी त्याला पाहिले नाही.

डॉ. मतीन व्यवसायाने डॉक्टर आहेत. छाती-पोटावरच्या मारानंतर तोंडावाटे रक्त येणे म्हणजे आत काहीतरी फाटलेले असू शकते आणि अशा माणसाला तासाभरात इस्पितळात न्यायला हवे, हे त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. बघण्यापलीकडे ते काही करू शकत नव्हते, तेही तिथे कैदीच होते.

मुंबईसारख्या शहरात घाटकोपर-पवईच्या कोणत्याही ठाण्यापासून मोठे इस्पितळ गाडीने अर्ध्या तासावर आहे. राजावाडी घाटकोपरातच आहे. ज्याला अटकेत ठेवले आहे त्याच्या जिवाची जबाबदारी अटक करणाऱ्यावर असते, मग तो निरपराध असो की अट्टल गुन्हेगार. मतीन यांच्या साक्षीतला प्रत्येक शब्द खरा धरला तर त्या दिवशीची गाडी औरंगाबादच्या नव्हे, राजावाडीच्या वाटेला लागायला हवी होती.

6 आणि 7 जानेवारीच्या मधली रात्र

इथून पुढे पोलिसांचे कथन सुरू होते. सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे आणि त्यांचे सहकारी पुढील तपासासाठी युनूसला घेऊन औरंगाबादकडे निघाले.

मुंबईहून औरंगाबादला जायचे तर पुणे-शिरूर-नगर करत जा किंवा कल्याणहून माळशेज घाट चढून आळेफाट्यावरून नगर गाठा, दोन्ही रस्ते पारनेर तालुक्यातून जातात. हा राळेगणसिद्धीचा तालुका. पाऊस कमी, माळरान जास्त, दिवसा मैलभर लांबून माणूस दिसतो. जानेवारीत ज्वारी उभी असते आणि थंडी कडक पडते. अमावास्या सरून जेमतेम चार दिवस झाले होते, त्यामुळे चंद्राची कोर लवकरच मावळून पुढची सारी रात्र काळोखाची.

पोलीस म्हणतात, या काळोखात जीप रस्त्यावरून घसरून दरीत गेली आणि त्या गोंधळात युनूस पळाला.

मंगळवार, 7 जानेवारी 2003

पारनेर पोलीस ठाण्यात वाझे यांच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला: आरोपी पोलिसांच्या ताब्यातून पळाला. त्या क्षणापासून सरकारी कागदांत युनूस फरार झाला.

या एका शब्दाने काय होते ते पाहा. कोठडीत माणूस मेला तर पंचनामा, शवविच्छेदन, दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे सगळे ओघाने येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या डिसेंबर 1993 च्या आदेशानुसार असा मृत्यू 24 तासांत आयोगाला कळवावा लागतो. माणूस पळाला म्हटले की यातले काहीच लागू होत नाही. उलट पोलीस फिर्यादी होतात आणि नाहीसा झालेला माणूस आरोपी. आईने विचारले, माझा मुलगा कुठे आहे, तर तिलाच उलट विचारता येते, की बाई, तुमच्याकडे आला का?

मी हे तर्काने सांगतो आहे, कोणावर निकाल देत नाही. ते काम न्यायालयाचे. पण 'पळाला' हा खुलासा या देशातल्या न्यायालयांना नवा नव्हता, हे निश्चित. ओरिसात डिसेंबर 1987 मध्ये 22 वर्षांच्या सुमन बेहेराला पोलीस चौकीत नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. पोलीस म्हणाले, रात्री पळाला आणि गाडीखाली आला. त्याच्या आईने, निलबती बेहेरांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पळून जाण्याची गोष्ट मान्य केली नाही आणि 24 मार्च 1993 ला राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

त्याआधी, आणीबाणीत, केरळमधल्या कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी पी. राजन 1 मार्च 1976 ला उचलला गेला तो पुन्हा दिसला नाही. वडील टी. व्ही. ईचर वारियर प्राध्यापक. आणीबाणी उठताच त्यांनी 1977 मध्ये केरळ उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका केली आणि त्यातून निर्माण झालेल्या वादळात मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. राजनचा देहही कधी मिळाला नाही. त्याही घरातला मुलगा इंजिनिअर होऊ पाहत होता.

महाराष्ट्रात हीच कहाणी नंतर पुन्हा घडली, मात्र शेवट वेगळा झाला. 6 नोव्हेंबर 2017 ला सांगलीत लूटमारीच्या संशयावरून पकडलेला अनिकेत कोथळे त्याच रात्री पोलीस ठाण्यात मेला. पोलिसांनी सांगितले, तो आणि त्याचा साथीदार अमोल भंडारे पळाले. प्रत्यक्षात अनिकेतचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता. भंडारे जिवंत होता, त्याने पाहिले होते ते सांगितले, जळालेला देह सापडला आणि दोन दिवसांत उपनिरीक्षक युवराज कामटे यांच्यासह पोलीसच अटकेत गेले. देह आणि साक्षीदार दोन्ही मिळाले की 'पळाला' म्हणणे 48 तासही टिकत नाही. युनूसच्या बाबतीत साक्षीदार होता, देह नव्हता.

पहिले सहा महिने

युनूस खरोखर पळाला असता तर काय दिसायला हवे होते?

कुठेतरी एखादा फोन. परभणीच्या घरी एखादा निरोप. पळालेला माणूस पहिल्यांदा आपल्या माणसांकडे वळतो, पोलीसही म्हणूनच आधी घरावर पाळत ठेवतात. दुबईतली नोकरी गेली, सहा महिन्यांच्या नियमाने व्हिसाही गेला. आईला, आसिया बेगम यांना, मुलाची कसलीही खबर आली नाही.

आणखी एक मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो. जून 2005 मध्ये पोटा न्यायालयाने घाटकोपर खटल्यात ज्यांच्यावर खटला चालला त्या सर्व आरोपींची निर्दोष सुटका केली. डॉ. मतीनही सुटले. ज्या गुन्ह्यासाठी युनूस पळाल्याचे सांगितले गेले त्या गुन्ह्यात त्याचे सगळे साथीदार घरी गेले. पळून लपलेला माणूस ही बातमी ऐकून परत आला असता. निदान त्याने वकील गाठला असता. युनूस आला नाही. त्या निकालाने बसमधल्या दोन मृतांच्या घरांनाही उत्तर दिले नाही. मारून वदवलेल्या कबुलीवर उभा केलेला खटला शेवटी मृतांच्याही कामाचा राहत नाही.

2003 ते 2004: उच्च न्यायालय

कुटुंब मुंबई उच्च न्यायालयात गेले. सहआरोपींची कथने पुढे आली आणि न्यायालयाच्या आदेशाने तपास सीआयडीकडे गेला. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेविरुद्ध राज्याच्या सीआयडीने तपास करायचा, ही साधी गोष्ट नव्हती. सीआयडीचा निष्कर्ष असा की युनूस पोलिसांच्या मारहाणीत मेला आणि पारनेरचा अपघात रचलेला होता. मार्च 2004 मध्ये वाझे यांना अटक झाली. वाझे आणि तीन पोलीस कर्मचारी निलंबित झाले. खून आणि पुरावा नष्ट करणे हे त्यांच्यावरचे प्रमुख आरोप. वाझे यांनी हे आरोप नाकारले आहेत.

सीआयडीने एकूण 14 पोलिसांवर ठपका ठेवला होता. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी सरकारी सेवकावर खटला भरायचा तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 197 प्रमाणे सरकारची मंजुरी लागे. राज्य सरकारने ती चौघांसाठी दिली, दहा जणांसाठी दिली नाही. या कलमाचा हेतू चांगला आहे, प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या खटल्यांपासून वाचवायचे. पण कोठडीतल्या माणसाला मारणे हा कर्तव्याचा भाग कसा होतो, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. सरकारच्याच यंत्रणेने 14 जणांची नावे दिली असताना त्यातल्या दहांचा प्रश्न न्यायालयाच्या दारातही जाऊ नये, हा या प्रकरणातला दुसरा अन्याय.

एप्रिल 2012

उच्च न्यायालयाने आसिया बेगम यांना 20 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. उरलेल्या दहा जणांवर खटल्याची मंजुरी द्या, ही मागणी मान्य झाली नाही. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांच्या बाजूने ज्येष्ठ वकील मिहिर देसाई वर्षानुवर्षे उभे राहिले.

वीस लाखांचा अर्थ एवढाच की राज्याच्या ताब्यात गेलेला माणूस राज्याने परत दिला नाही, हे उच्च न्यायालयाने मान्य केले. मृतदेह नाही म्हणून दफन नाही, जनाजाची नमाज नाही, कबर नाही. मुस्लीम घरात इद्दत आणि वारसा, बँकेतले पैसे, कागदपत्रे या सगळ्या गोष्टी मृत्यूच्या नोंदीवर अडतात. नाहीसा झालेला माणूस घरच्यांना ना रडू देतो, ना थांबू देतो.

जानेवारी 2018

घटनेला 15 वर्षे झाल्यावर सत्र न्यायालयात डॉ. मतीन साक्षीला उभे राहिले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले: अंतर्वस्त्र, पट्टा, रक्ताची उलटी. मारणारे म्हणून त्यांनी चार पोलीस अधिकाऱ्यांची नावे घेतली. हे चौघे खटल्यातल्या चार आरोपींपैकी नव्हते. विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी त्या चौघांनाही आरोपी करावे असा अर्ज केला. एप्रिलमध्ये मिरजकर यांना या खटल्यातून काढण्यात आले. साक्ष सुरू होते, नवी नावे येतात, सरकारी वकील बदलतो आणि खटला पुन्हा थांबतो. या क्रमाचे स्पष्टीकरण सरकारने जनतेला द्यायला हवे होते.

जून 2020

कोविडच्या काळात मनुष्यबळाची गरज सांगून मुंबई पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने वाझे आणि त्या तीन कर्मचाऱ्यांना सेवेत परत घेतले. खुनाचा खटला चालूच होता. आसिया बेगम यांनी न्यायालयाच्या अवमानाची याचिका केली. मुलगा नाहीसा होऊन 17 वर्षे उलटल्यावर त्या आईला आणखी एक याचिका लिहावी लागली.

पुढचे महाराष्ट्राला पाठ आहे. मार्च 2021 मध्ये, मुंबईतल्या अँटिलिया या उद्योगपतीच्या घराजवळ सापडलेली स्फोटकांची गाडी आणि ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन यांचा मृत्यू या प्रकरणांत राष्ट्रीय तपास यंत्रणेने वाझे यांना अटक केली. हिरेन 4 मार्चला घरातून निघाले आणि 5 मार्चला त्यांचा मृतदेह मुंब्र्याच्या खाडीत सापडला. मे महिन्यात वाझे बडतर्फ झाले. त्या खटल्याचा निकाल त्या न्यायालयात लागेल. मला सांगायचे आहे ते एवढेच: युनूसचा खटला वेळेत निकाली निघाला असता, दोषी किंवा निर्दोष कसाही, तर 2020 मध्ये त्यांना परत घ्यावे की नाही हा प्रश्नच समितीपुढे आला नसता.

कायद्यात काय बदलले

23 जून 2006 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 176(1अ) लागू झाले. कोठडीत कोणी मेला किंवा नाहीसा झाला, दोन्ही प्रसंगी पोलीस तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी आता बंधनकारक आहे. 'पळाला' म्हणून कागद बंद करण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. युनूसच्या वेळी ही तरतूद नव्हती.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धच्या करारावर 2007 मध्ये. दोन्हींना मान्यता अजून दिलेली नाही, म्हणजे दोन्ही आपल्यावर बंधनकारक नाहीत. युनूस जिथे नोकरी करत होता त्या संयुक्त अरब अमिरातीने छळविरोधी करार 2012 मध्ये स्वीकारला. तेवढ्याने तिथे सगळे आलबेल झाले असे नाही. 2013 च्या 'यूएई 94' खटल्यात शिक्षा झालेल्यांपैकी अनेकांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सोडले नाही. तरीही सही करून मान्यता न देणे ही आपली स्वतःची टाळाटाळ आहे आणि ती कोणत्याही एका पक्षाची नाही. 1997 पासून दिल्लीत सरकारे बदलत राहिली, मान्यता कोणीच दिली नाही.

या प्रकरणात मृतदेह सापडलेला नाही, कोणालाही शिक्षा झालेली नाही आणि सरकारने मंजुरी न दिलेल्या दहा पोलिसांवर खटला चाललेला नाही. महाराष्ट्र सरकारने या खटल्यासाठी स्वतंत्र सरकारी वकील कायम ठेवून तो रोज चालवायला लावावा, दहा जणांच्या मंजुरीचा निर्णय नव्याने घ्यावा आणि त्याची कारणे लेखी जाहीर करावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरातून कोणाला पोलिसांनी नेले तर त्याच तासाला वेळ लिहून ठेवा, नेणाऱ्याचे नाव विचारा, अटकेच्या टिपणाची प्रत मागा आणि दर 48 तासांच्या वैद्यकीय तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय ठाण्यातून परतू नका.